पाच मुद्दे लिहिले, एकच ऐकला : न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारीचा अनुभव

पाचपैकी अडीच तारे.

भावाविरुद्ध वाटणीचा दावा होता. माझी साक्षही झाली नव्हती, तोच न्यायाधीश म्हणाले, "सख्ख्या भावाला कोर्टात खेचताना लाज नाही वाटली?" समोरचे वकील हसले. घरी येऊन तारीख, वेळ, शब्द, सगळं वहीत उतरवलं. निकाल विरोधात गेल्यावर मात्र रागाच्या भरात तक्रार कार्यालयाकडे अर्ज टाकला. मुद्दे पाच, त्यातले चार निकालावरचे : कागद वाचले नाहीत, साक्षीदारावर विश्वास ठेवला नाही, वगैरे.

सात महिन्यांनी दीड पानी उत्तर आलं. चार मुद्दे "अपिलाचा विषय" म्हणून एका ओळीत फेटाळले. पाचवा, तो लाजेचा, ध्वनिमुद्रण ऐकून त्यांनी खरा मानला आणि "संबंधितांना समज दिली". समज म्हणजे नेमकं काय, ते गोपनीय!

आधी चिडले. पण निकाल पटला नाही म्हणून न्यायाधीशाला शिक्षा होऊ लागली, तर मी जिंकल्यावर भाऊही तेच करेल. 2002 च्या बंगळुरू तत्त्वांत (न्यायाधीशांच्या वर्तनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं) म्हणूनच पहिलं मूल्य न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याचं आहे, आणि त्याच तत्त्वांत असंही आहे की न्यायाधीशाच्या बोलण्यावागण्यातून पूर्वग्रह दिसता कामा नये. माझा पाचवा मुद्दा तिथेच बसला.

पक्षपाताची शंका आल्यावर खरं तर तेव्हाच न्यायाधीश बदलून मागायचा असतो. चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांच्या ब्रिटनमधल्या प्रकरणात निकाल देणाऱ्या न्यायाधीशांपैकी लॉर्ड हॉफमन हे, खटल्यात सहभागी असलेल्या अॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेशी जोडलेल्या संस्थेचे संचालक निघाले. त्यांनी प्रत्यक्ष पक्षपात केला असा आरोपही नव्हता, तरी 1998 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, स्वतःचाच निकाल रद्द केला आणि पुढच्या वर्षी नव्या पीठापुढे सुनावणी घेतली. ही गोष्ट माझ्या वकिलांनी मला सांगितली ती निकालानंतर. (त्यांच्या सेवेचं परीक्षण वेगळं लिहावं लागेल.)

कार्यालयातली माणसं सभ्य, पोच लगेच मिळाली. तारे कापले ते अर्जासाठी. निकालाविरुद्धची तक्रार इथे चालत नाही, हे शेवटच्या पानावर, सहीच्या खाली, बारीक अक्षरांत. आणि तक्रार केल्याने अपिलाची मुदत थांबत नाही, हे तर कुठेच नाही. मी उत्तराची वाट बघत निवांत बसले होते. वकिलांचा फोन आला तेव्हा मुदतीचे तीन दिवस उरले होते.