‘सहकार’ शब्दाचा माग आणि शिकागो विद्यापीठाची मोफत कोशसेवा

शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया’ या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश विनाशुल्क पाहता येतात. कोशाची पारख करायची तर आपल्याला पुरता ठाऊक आहे असे वाटणारा शब्द घ्यावा, म्हणून मी ‘सहकार’ घेतला.

साखर कारखान्यापासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत सगळ्या पाट्यांवर दिसणारा हा शब्द ‘सह’ आणि ‘कृ’ धातू यांपासून झाला, हे कोणीही सांगेल. गंमत पुढे आहे. याच संकेतस्थळावरील वामन शिवराम आपटे यांच्या संस्कृत कोशात ‘बरोबरीने काम करणे’ आणि ‘आंब्याचे झाड’ हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीत सापडतात. अमरकोशाने तर ‘आम्रश्चूतो रसालोऽसौ सहकारोऽतिसौरभः’ असे म्हणून अतिसुवासिक आंब्यालाच हे नाव दिले आहे, आणि शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकात अतिमुक्ताच्या पालवलेल्या वेलीचा भार सहकाराखेरीज कोण पेलणार, असा प्रश्न येतो. सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत हे कोणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

कोशांची वये मात्र ध्यानात ठेवावी लागतात. भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला, त्यामुळे आजचा संस्थात्मक अर्थ मोल्सवर्थमध्ये शोधण्यात हशील नाही. दाते-कर्वे यांचे खंड १९३२ पासून निघू लागले. तोवर १९२० च्या आंदोलनाने ‘असहकार’ हा शब्द घरोघरी पोहोचवला होता.

या सेवेचे खरे मोल मला ‘इर्जिक’सारख्या शब्दांत वाटते. गावातल्यांनी आपापले नांगर-बैल घेऊन एकाच्या शेतात जमावे, मजुरी न घेता काम उरकावे आणि शेतमालकाने सर्वांना जेवू घालावे, ही रीत कायद्याहून कितीतरी जुनी आहे. ‘सावड’ त्याच घरातला शब्द, फक्त त्यात आज मी तुझ्याकडे आणि उद्या तू माझ्याकडे असा परतफेडीचा हिशेब असतो. दाते-कर्वे नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती देतात, मोल्सवर्थ संस्कृत, फारसी, अरबी असे मूळ एकेका अक्षराने दाखवतो; त्यामुळे दोन्ही कोश शेजारी उघडले की शब्दाचे कूळ पटकन ताडून पाहता येते.

नव्या वापरकर्त्याने एवढे पाळावे की शब्द मिळाला नाही तर ऱ्हस्व-दीर्घ बदलून, ‘इरजीक’ असेही लिहून पाहावे, कारण हे लेखन १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे आहे. इंग्रजी अजिबात न वाचणाऱ्याने थेट दाते-कर्वे उघडावा, आणि सहकारी चळवळीचा इतिहास हवा असेल त्याने मराठी विश्वकोशाकडे जावे.