छत्रीला चार भोकं, बोल्ट मात्र दोनच : आठ महिने वापरल्यावर

ही छत्री डीटीएचची, म्हणजे उपग्रहावरून थेट घरी टीव्ही दाखवणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बॉक्स चांगला आहे, पिक्चरही चांगलं आहे आणि माझ्याकडे जे झालं ते कुठल्याही कंपनीच्या छत्रीचं होऊ शकतं. माझा राग आहे तो बसवणाऱ्यावर, आणि खरं सांगायचं तर न बसवलेल्या दोन बोल्टांवर.

घर संगमेश्वर तालुक्यात, वर स्लॅब आणि गच्चीला चिऱ्याचा कठडा. मार्चमध्ये कनेक्शन घेतलं, वर्षाचा रिचार्ज एकदम भरला कारण तसा महिना थोडा स्वस्त पडतो. बसवायला आलेल्या मुलाने पाऊण तासात काम उरकलं, टीव्हीवर सिग्नलचं पान उघडून स्ट्रेंग्थ ८५ दाखवली, सही घेतली आणि गेला. खाली क्वालिटी ४८ होती, त्याकडे मी बघितलंच नाही. एप्रिल-मे एकही दिवस टीव्ही बंद नव्हता, आई-बाबा खूश, मी चार जणांना हेच घ्या म्हणून सांगितलं.

जून लागला आणि सगळं बिघडलं. नुसती भुरभुर आली तरी चित्राचे चौकोन व्हायचे, आवाज तुटायचा, मग सिग्नल नाही. एचडी चॅनेल आधी जायचे, बाकीचे मागोमाग. कस्टमर केअरला फोन केला की बॉक्स बंद करून चालू करा, मग म्हणे हवामानामुळे आहे सर, थोडा वेळ थांबा. कोकणात हवामान चार महिने असंच असतं, किती थांबायचं? तेव्हा मी वहीत लिहून ठेवलं होतं की पावसाच्या भागात डीटीएच घेऊच नका, केबलच बरी.

ते मत मी आता मागे घेतोय, कारण ऑगस्टमध्ये शेजारच्या वाडीत एकांच्या घरी गेलो तर त्यांच्याकडे हीच कंपनी, तेवढीच छत्री, बाहेर धो धो पाऊस आणि आत टीव्ही चालू. ते म्हणाले, अगदी काळोख करून आला की दहा मिनिटं जातं, मग येतं. म्हणजे पाऊस दोघांना सारखाच होता, फरक छत्रीत होता.

घरी आलो, गच्चीवर चढलो, छत्रीला हात लावला तर हातासरशी हलली. खालच्या प्लेटला चार भोकं, बोल्ट दोनच, समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांत, आणि उरलेली दोन भोकं रिकामी. त्यातल्या एकाचं फास्टनर (बोल्ट भिंतीत धरून ठेवणारा भाग) चिऱ्यात सैल झालेलं, आजूबाजूला लाल भुगा पडलेला. माझ्या डोक्यात तेव्हापासून ते दोन बोल्टच बसलेत. एका बोल्टची किंमत किती असते हो? वर्षाचे पैसे घेऊन जाताना त्या मुलाला दोन बोल्ट जड झाले.

मग मी नीट समजून घेतलं. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे, आपल्याकडून तो आग्नेयेला दिसतो. छत्री एक अंश फिरली तर तेवढ्या लांब नेम ६०० किलोमीटरच्या वर चुकतो. साठ सेंटीमीटरच्या छत्रीत दीडेक अंशाची चूक झाली की साधारण निम्मी ताकद जाते. कोरड्या दिवसात उरलेल्या निम्म्यावर चित्र व्यवस्थित येतं, म्हणून कोणाला कळत नाही. पण डीटीएच केयू बँड नावाच्या आखूड लहरींच्या पट्ट्यावर चालतं, लहरीची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, तिला पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात. गाठीला काही शिल्लक असेल तर छत्री तेवढा पाऊस सोसते, माझ्याकडे शिल्लकच नव्हती. केबलवाल्याची मोठी छत्री पावसात टिकते कारण ती बहुतेक सी बँड या दुसऱ्या पट्ट्याची असते, तिची लहर लांब, तिला पाऊस फार लागत नाही. आणि स्ट्रेंग्थचा आकडा बघून उपयोग नाही, त्यात नुसता गोंगाट, म्हणजे नको असलेल्या लहरीही मोजल्या जातात, कामाचा सिग्नल किती स्वच्छ येतो ते क्वालिटी सांगते, तीच बघायची.

तक्रार केली, माणूस आला, व्हिजिट चार्ज २५० रुपये. त्याने १३ नंबरच्या पान्याने छत्री फिरवली, क्वालिटी ७० वर आणली. मी म्हटलं, दादा बोल्ट? म्हणाला, आता हलणार नाही. चौथ्या दिवशी वारा सुटला आणि क्वालिटी परत ५० च्या खाली. पुन्हा फोन केला तर पुन्हा २५० मागितले, इथे माझं डोकं फिरलं. मूळ काम अर्धवट तुमच्या माणसाचं आणि दुरुस्तीचे पैसे दोनदा माझे? पैसे दिले नाहीत. हलणाऱ्या छत्रीचा व्हिडिओ काढला, रिकाम्या भोकांचे फोटो काढले, कंपनीच्या नोडल ऑफिसरला (वरच्या पातळीवर तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला) मेल केला आणि ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली.

आठवड्याने दुसरा माणूस आला, वयाने मोठा, आणि त्याच्याबद्दल मी मनापासून चांगलं लिहितोय. त्याने आधी पाइपला ओळंबा लावला, पाइपच तिरका निघाला. पाइप सरळ नसेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना वर-खालीचा कोनही बदलत जातो, हे त्याने मला दाखवलं. म्हणाला, चिऱ्यात फास्टनर धरत नाही साहेब, भुगा होतो, काँक्रीट पाहिजे, पण स्लॅबला भोक पाडू नका, गळेल. आमच्या गवंडीकाकांनी गच्चीच्या कोपऱ्यात काँक्रीटचा ठोकळा ओतला, त्यात ओल्यातच चार बोल्ट उभे केले, स्लॅबला हात लावला नाही. आठ दिवस पाणी मारलं, मग तो माणूस सांगितल्या दिवशी परत आला आणि छत्री बसवली. चारही नट. क्वालिटी ७६. सिमेंट आणि मजुरीचे ९०० गेले, ते मात्र कंपनीने दिले नाहीत. भांडून पहिले २५० परत मिळवले आणि रिचार्ज दहा दिवस वाढवून घेतला, माझ्या वहीप्रमाणे बंद दिवस एकोणीस होते.

ऑक्टोबरात एक दिवस अर्धेच चॅनेल गेले. आधी पोटात गोळा आला, पण सगळेच जात नव्हते म्हणून छत्रीवर संशय धरला नाही. बॉक्स केबलमधून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, त्यावरून वरचं एलएनबी (छत्रीच्या समोरचं, सिग्नल पकडणारं यंत्र) उभ्या की आडव्या लहरी घ्यायच्या ते ठरवतं. कनेक्टरमध्ये पाणी गेलं होतं, १८ पोचतच नव्हते. पहिल्या मुलाने नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. कनेक्टर बदलला, केबल जोडाच्या आधी खाली वाकवून मग वर घेतली म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. खर्च ३० रुपये.

परतीच्या पावसात दोनदाच टीव्ही गेला, दोन्ही वेळा पंधरा मिनिटांच्या आत आला. आई आता पाऊस आला की मला हाक मारत नाही. तुमच्याकडे बसवायला माणूस येईल तेव्हा सही करायच्या आधी प्लेटची भोकं मोजा, छत्री हाताने जोरात हलवून बघा आणि क्वालिटीच्या आकड्याचा फोटो काढून ठेवा. मी दर रविवारी तो आकडा वहीत लिहितो. काल ७५ होता. आग्नेयेच्या माडाचं एक झाप पुढे येतंय, ते उतरवायला नारळ काढणाऱ्याला सांगून ठेवलंय.