पुटिका वेगळ्या करताना: अल्ट्रासेंट्रिफ्यूज की स्तंभ?
प्रोस्टेट कर्करोगाच्या पीसी-३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींनी सोडलेल्या एक्सोसोममध्ये (पेशी बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्यांमध्ये, म्हणजे पुटिकांमध्ये) मूळ पेशींपेक्षा कोलेस्टेरॉल व स्फिंगोमायलिन या मेदांचे प्रमाण अधिक आढळते. अशा मोजणीसाठी पुटिका कशा वेगळ्या कराव्यात, असे एका संशोधक विद्यार्थिनीने विचारले. अल्ट्रासेंट्रिफ्यूज (अतिवेगाने फिरवून कण तळाशी बसवणारे यंत्र) महाग असून गुरुत्वाच्या सुमारे १,००,००० पट बलाने पुटिका एकमेकींना चिकटू शकतात, मात्र त्यात द्रव भरपूर मावतो. आकारानुसार गाळणारा क्रोमॅटोग्राफी स्तंभ स्वस्त व सौम्य आहे, पण त्यासाठी मोठा नमुना आधी आटवावा लागतो. माझ्या मते खरा निकष शुद्धतेचा, कारण रक्तातील लिपोप्रोटीन हेही मेदाचेच कण: घनतेने पुटिकांजवळचे एचडीएल हे लहान लिपोप्रोटीन स्तंभ बरेचसे वगळतो, आकाराने जवळचे व्हीएलडीएल हे मोठे लिपोप्रोटीन मात्र सोबत येतात. म्हणून पेशी-संवर्धनाच्या मोठ्या द्रवासाठी अल्ट्रासेंट्रिफ्यूज, तर उपाशीपोटी (तेव्हा असे मोठे मेदकण कमी असतात) घेतलेल्या थोड्या रक्तासाठी स्तंभ सोयीचा ठरतो.