ठिबक, तुषार की सुधारलेली सरी? पाणी कमी असताना निवड कशी करावी

ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के, तुषारची ७५ आणि पाटपाण्याची (सरी त्यातलीच) ६०. अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) सिंचन पुस्तिकांतले हे ढोबळ आकडे सगळीकडे ऐकू येतात. ते खोटे नाहीत. पण शेतात सोडलेल्या पाण्यापैकी पिकाच्या कामी किती आले, एवढेच ते सांगतात. पाणी तुमच्या हाती किती दिवसांनी येते, जमीन कशी आहे, पाणी गोडे की खारे, हे त्यात येत नाही, आणि माझ्या मते निवड ठरते ती यावरच.

आधी पाळीचे बघा. ठिबकने मुळांभोवतीचा थोडाच भाग ओला होतो, म्हणजे जमिनीतला साठाही छोटाच. उन्हाळ्यात बहुतेक पिकांना मग रोज नाहीतर एक दिवसाआड पाणी द्यावे लागते. विहीर, बोअर किंवा भरलेले तळे असेल तर यात अडचण नाही. पण कालव्याचे पाणी दोन-तीन आठवड्यांनी एकदा येत असेल आणि ते साठवायला जागा नसेल, तर ठिबकचा संच शोभेचा ठरतो. अशा ठिकाणी पाळी आली की खोलवर भिजवून घेणारी सरीच बरी.

यामागे आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल कमी बोलले जाते. सतत ठिबकवर वाढलेल्या पिकाची मुळे ओल्या भागातच दाटतात, फार खोल जात नाहीत. उष्णतेच्या लाटेत पंप बंद पडला तर असे पीक दोन-चार दिवसांत माना टाकते. भारी जमिनीत सरीवर वाढलेले पीक तेवढा ताण सोसते. हवामान बदलामुळे उन्हाचे टोकाचे दिवस वाढत आहेत. म्हणून ठिबक घेणाऱ्याने पाण्याच्या आणि विजेच्या पर्यायी सोयीचाही खर्च धरावा.

एवढे असूनही फळबाग, भाजीपाला आणि रुंद ओळींच्या पिकांना ठिबकच द्यावे, असेच मी म्हणेन. दोन ओळींमधली जमीन कोरडी राहते, तिथून पाणी उडत नाही आणि तणही कमी उगवते. विद्राव्य खत थेट मुळाशी जाते. दाब साधारण एक बारच्या आसपास लागतो, म्हणून तुषारपेक्षा वीजही कमी लागते. खरी कसोटी गाळणीची. पाण्यात वाळू असेल तर हायड्रोसायक्लोन (पाणी गोल फिरवून वाळू वेगळी करणारे उपकरण), शेवाळ असेल तर वाळूची गाळणी, आणि दोन्हींच्या पुढे जाळीची किंवा चकत्यांची गाळणी हवीच. नळ्यांची टोके उघडून धुणे आणि क्षार बसले की आम्लप्रक्रिया करणे ज्यांना जमणार नाही, त्यांच्या शेतात काही हंगामांत निम्मे ड्रीपर (नळीवरची थेंब सोडणारी तोंडे) बुजलेले दिसतात. मग एका झाडाला भरपूर पाणी आणि शेजारचे तहानलेले.

पाणी खारे असेल तर हिशेब बदलतो. ठिबकमध्ये क्षार ओल्या भागाच्या कडेला जमत जातात. पाऊस चांगला झाला तर ते खोल धुऊन जातात, पण पावसाच्या हलक्या शिडकाव्याने मुळांकडे परत ढकलले जातात. त्यामुळे भुरभुर पाऊस आला म्हणून ठिबक बंद करू नये, चालूच ठेवावे. तुषारने खारे पाणी दिले तर पानेच करपतात.

तुषारबद्दल थोडक्यात सांगतो. दाट पेरणीची पिके, उथळ किंवा उंचसखल जमीन आणि जागा बदलत फिरवायचा संच, असे असेल तर ते सोयीचे. वारा आणि दुपारचे ऊन हे त्याचे शत्रू, म्हणून रात्री किंवा पहाटे चालवावे. पाने भिजत असल्यामुळे बुरशीजन्य रोगांवर लक्ष ठेवावे लागते.

सरी मागासलेली समजून तिला कमी लेखले जाते, ते मला पटत नाही. वाया जाते ते मोकाट पाणी. जमीन सपाट केली, सऱ्यांची लांबी कमी केली आणि एकाआड एक सरी भिजवून पुढच्या पाळीला उरलेल्या सऱ्या घेतल्या, तर बऱ्याच मध्यम-भारी जमिनींत उत्पादनाला फारसा धक्का न लागता पाणी वाचते. रेताड जमिनीत मात्र ओल बाजूला पसरत नाही, तिथे हा प्रयोग नको.

कोणतीही पद्धत घ्या, आच्छादन आधी करा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर, आणि उघडी ओली जमीन कडक उन्हात दिवसाला कित्येक मिलिमीटर गमावते. पालापाचोळा पसरायला यंत्र लागत नाही. पाणी अगदीच अपुरे असेल तर सगळ्या पाळ्या सारख्या तोडू नका. मक्याला तुरे आणि कणसाला केसर येताना ताण बसला तर दाणेच भरत नाहीत. पीक लहान असतानाची एखादी पाळी लांबवलेली त्या मानाने चालते. ज्वारी ताण बरीच सहन करते, म्हणून संच बदलण्याआधी पीक बदलता येईल का, हेही बघावे.

आता वाचलेल्या पाण्याचे काय करायचे? अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये शेतकऱ्यांनी अधिक कार्यक्षम फिरते तुषार संच घेतले, तेव्हा भूजलाचा उपसा कमी होण्याऐवजी वाढला. वाचलेल्या पाण्यावर जास्त पाणी लागणारी पिके आणि जादा क्षेत्र आले. पाटपाण्यातून मुरलेले पाणी खालच्या विहिरींना मिळत होते, तेही कार्यक्षम पद्धतीत थांबते. म्हणून संचासोबत पाणीमापकही घ्या आणि हंगामभर किती उपसायचे तो आकडा पेरणीआधीच ठरवा. विहीर सामाईक असेल तर हा आकडा सगळ्या वाटेकऱ्यांनी बसून ठरवलेला बरा.