वीकेंड एमबीए (फायनान्स), इंदूर : डिग्री मिळून चौदा महिने झाल्यावर

पहिल्या महिन्यात लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच तारे दिले असते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एकच दिला असता, तोही वॉचमनकाकांना, कारण रविवारी सकाळी सव्वाआठला कुलूप काढून उभे असायचे ते एकटेच. आता डिग्री मिळून चौदा महिने झालेत, एका एनबीएफसीत (बँक नसलेल्या कर्ज कंपनीत) छोट्या उद्योगांची कर्जप्रकरणं बघते, आणि राग बऱ्यापैकी निवलाय. कॉलेजचं नाव लिहीत नाही. शहरात अशी बरीच आहेत आणि माहितीपत्रकं सगळ्यांची सारखीच गुळगुळीत.

मी मेकॅनिकलची. पीथमपूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नऊ वर्षं क्वालिटीत काढली. राजेंद्रनगरच्या नाक्यावरून पावणेसातची कंपनीची बस. नवं मशीन घ्यायचं की नाही यावर मीटिंग व्हायची तेव्हा रिजेक्शनचे (नापास मालाचे), सायकल टाइमचे (एका नगाला लागणाऱ्या वेळेचे) सगळे आकडे मी द्यायची. निर्णय मात्र शेवटच्या पानावरच्या दोन ओळींवरून व्हायचा, आणि त्या ओळी मला वाचता यायच्या नाहीत. ते टोचत राहिलं. बत्तीसाव्या वर्षी फायनान्सचं खूळ डोक्यात शिरलं ते असं.

आयआयएम इंदूर तर बसच्या वाटेवरच. राऊच्या पुढे टेकडी दिसली की रोज मान वळायची. नोकरी केलेल्यांसाठी तिथे एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो, तो माझ्याकडे होता. नव्हतं ते वर्षभर बिनपगारी राहण्याचं बळ. मुलगी चार वर्षांची, फ्लॅटचा हप्ता चालू. पुण्या-मुंबईचा दोन वर्षांचा पूर्णवेळ कोर्सही त्याच कारणाने गेला. शिवाय तिथे शिकून आलेल्या एका जुन्या सहकाऱ्याने वेगळीच गोष्ट सांगितली. फायनान्स घेऊनही कॅम्पसवर त्याला बोलावणी आली ती ऑपरेशन्सची, कारण कंपन्या आधीचा अनुभव बघून रांगेत उभं करतात. तेवीस वर्षांच्या मुलाची पाटी कोरी असते, आपल्या पाटीवर नऊ वर्षं खरडलेली असतात.

माझे मामा स्टेट बँक ऑफ इंदूरमध्ये क्रेडिट खात्यात होते. होळकरांच्या काळात, १९२० साली निघालेली बँक. २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, तरी मामा 'आमची बँक' म्हणतात ते तिलाच. ते म्हणाले, "इमारत नको बघूस. तुझ्यासारखी कारखान्यातून आलेली तीन माणसं मागच्या बॅचमधून शोध आणि विचार, आज काय करताय."

मी विचारलं. प्रवेशाच्या टेबलावरून दोन नंबर मिळाले. दोघेही फायनान्समध्ये, दोघेही खूश. मी त्याच आठवड्यात फी भरली. पहिल्या सहामाहीत उलगडा झाला की ते दोघे आधीपासूनच बँकेत होते, त्यांना डिग्रीमुळे बढती मिळाली होती. क्षेत्र बदललेला एकही माणूस मला कोणी दाखवला नव्हता, आणि मीही दोनवर समाधान मानून तिसरा शोधला नव्हता. मामांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

सगळ्यात मोठी तक्रार प्लेसमेंटची. माहितीपत्रकात सरासरी पॅकेजचा मोठा आकडा होता. सरासरी म्हणजे काय हे क्वालिटीवाल्या बाईला कळायला हवं होतं! एखाद्याला घसघशीत मिळालं की सगळ्या वर्गाची सरासरी वर जाते. मधला पगार किती, किती जणांनी आकडा सांगितला, त्यातले नवखे किती, हे विचारायचं असतं. मी नाही विचारलं. आणि खरी मेख तर नियमांच्या पुस्तिकेत होती : वीकेंडच्या विद्यार्थ्यांना कॅम्पस प्लेसमेंट लागू नाही. एक ओळ, बारीक टायपात. दुसऱ्या वर्षी प्लेसमेंटच्या खोलीत गेले तेव्हा ती ओळ मला बोट ठेवून दाखवली गेली.

फायनान्शियल मॉडेलिंगला दीड वर्षात तीन शिक्षक बदलले, तिघांनीही पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. प्रवेशाच्या वेळी मिरवलेली ट्रेडिंग लॅब मी आतून दोनदा पाहिली. मार्केटिंगबद्दल लिहिण्यासारखं काही आठवतच नाही.

मग तारे कशाचे? रविवारच्या दुपारच्या एका तासाचे. शिकवणारे सर सीए, स्वतःची प्रॅक्टिस असलेले. ते एखाद्या लिस्टेड कंपनीचा वार्षिक अहवाल आणायला लावायचे आणि नफा-तोटा पत्रक व दोन ताळेबंद यांवरून कॅश फ्लो, म्हणजे पैशाची प्रत्यक्ष ये-जा, हाताने बांधून घ्यायचे, छापील उत्तर झाकून. नफा दिसतोय पण पैसा कुठे आहे, हा त्यांचा एकच प्रश्न. उधारी वाढली, माल पडून राहिला, की नफा कागदावर आणि खातं रिकामं. पाच-सहा रविवारांनंतर मला उमगलं की ही तर शॉप फ्लोअरचीच भाषा आहे. गोदामातला गंज ताळेबंदात 'साठा' या नावाने बसलेला असतो.

दुसरं म्हणजे बाकावरची माणसं. अर्धा वर्ग बँकांमधला. सुट्टीत पोहे खाता खाता मी त्यांच्याकडून सीएमए डेटा (कर्ज मागताना द्यायचे मागचे-पुढचे आकडे), ड्रॉइंग पॉवर (माल आणि येणी बघून किती उचलता येईल ते), डीएससीआर (हप्ते फेडण्याची ऐपत) हे शब्द उचलले, पुस्तकात ते नंतर भेटले. छोट्या उद्योगांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीचं गणितही तिथलंच : छोट्या उद्योगाची वर्षाची अपेक्षित विक्री एक कोटी असेल तर खेळतं भांडवल पंचवीस लाख धरायचं, त्यात पाच मालकाचे, वीस बँकेचे. नोकरीसुद्धा बाकावरच मिळाली. शेजारी बसणाऱ्याने त्याच्या जुन्या साहेबांना फोन केला. पगार कारखान्यापेक्षा कमी होता, दहा महिन्यांनी जुन्या आकड्याला टेकला. याची घरात आधी चर्चा करून ठेवा.

पण कामाचं सांगते. तिसऱ्याच आठवड्यात सांवेर रोडला एका प्लास्टिक मोल्डिंगवाल्याकडे पाहणीला गेले. कागद चोख, कर्जाची मर्यादा वाढवून हवी होती. मी सवयीने विचारलं, मोल्ड बदलायला किती वेळ लागतो, रिजेक्शन किती, रिग्राइंड (दळून परत वापरलेलं प्लास्टिक) किती टाकता. मालक थबकले. "मॅडम, आप लोन वाली ही हैं ना?" मागच्या भिंतीला प्लास्टिकच्या दाण्याची पोती रचलेली, स्टॉक स्टेटमेंटमध्ये पूर्ण किमतीने धरलेली, वरच्या थरावर बोट फिरवलं तर धुळीत रेघ उठली. ज्या गिऱ्हाइकासाठी तो ग्रेड आणला होता, ते कधीच तुटलं होतं. तो माल वगळला, नव्वद दिवसांपुढची येणी वगळली, तर वाढ सोडाच, आहे ती मर्यादाही जेमतेम बसत होती. साहेबांनी माझा अहवाल दोनदा वाचला. तेव्हापासून कारखान्यांच्या फायली माझ्याकडे येतात. जी पाटी पुसायला मी एवढी फी भरली, तिच्यावरच आता पोट भरतंय.

म्हणूनच इक्विटी रिसर्चची, म्हणजे शेअर्सच्या अभ्यासाची, स्वप्नं बघून असल्या कोर्सला जाणाऱ्यांना मी थांबवेन. त्या वाटेवर सीएफए या गुंतवणूक विश्लेषकांच्या पात्रतेचं वजन जास्त, आणि तिथेही तीन परीक्षांखेरीज चार हजार तासांचा संबंधित अनुभव दाखवल्याशिवाय चार्टर मिळत नाही. कर्ज, प्रकल्प वित्त, कारखान्याचंच फायनान्स खातं, इकडे वळायचं असेल तर वीकेंड चालेल.

जाता जाता पैशाची एक चूक. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात आठ वर्षं वजावट मिळते, कमाल मर्यादा नाही, पण जुन्या करप्रणालीतच. मी पहिल्या वर्षी हिशेब न करता नवी प्रणाली घेतली. फायनान्सची विद्यार्थिनी!

पाचपैकी सव्वातीन. मागच्या महिन्यात कॉलेजातून फोन आला, नव्या माहितीपत्रकात 'यशोगाथा' म्हणून फोटो हवा होता. मी म्हटलं, देते, फक्त फोटोखाली छापा की वीकेंडवाल्यांना कॅम्पस प्लेसमेंट नाही, ही नोकरी बाईंनी स्वतः शोधली. सरांना विचारून सांगतो म्हणाले. अजून विचारताहेत.