पेन्सिलने ८९६२ भरायला लावणारा कोर्स

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये माझं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे. एन्रोल्ड एजंट (अमेरिकन सरकारचा परवाना असलेली टॅक्स करणारी) होऊन चौदा वर्षं झाली. आम्हाला दर तीन वर्षांत ७२ तासांचं सीई (व्यावसायिक प्रशिक्षण) पूर्ण करावंच लागतं, त्यामुळे आजवर बरेच कोर्स झाले आणि त्यातलं बरंचसं विसरूनही गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केलेला आठ तासांचा हा कोर्स मात्र तेव्हापासून रोज कामी येतोय. विषय होता अफोर्डेबल केअर ॲक्ट या अमेरिकन आरोग्य विमा कायद्याचे २०२६ पासूनचे बदल आणि टॅक्स करणाऱ्यांनी त्यासाठी करायची तयारी. दोन सकाळी, प्रत्यक्ष वर्गात, फी २४० डॉलर. काही तक्रारी आहेत म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही. खाली लिहिलंय त्यावरून तुम्हाला दुसरा कुठलाही कोर्स पारखता येईल.

पहिल्या सकाळी शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्यांना लॅपटॉप मिटायला सांगितले. प्रत्येकाला कोरा फॉर्म ८९६२ (विम्याच्या प्रीमियमसाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, म्हणजे क्रेडिटचा, हिशोब), मार्केटप्लेसकडून (सरकारी विमा बाजाराकडून) येणारा, भरलेला एक १०९५-ए आणि पेन्सिल. सॉफ्टवेअरला इतकी वर्षं आकडे खिलवल्यावर हा फॉर्म हाताने भरताना चाचपडायला होतं. १०९५-एचे तीन कॉलम: ए म्हणजे प्लॅनचा प्रीमियम, बी म्हणजे त्या भागातल्या दुसऱ्या सर्वांत स्वस्त सिल्व्हर प्लॅनचा प्रीमियम, सी म्हणजे सरकारने इन्शुरन्स कंपनीला परस्पर भरलेलं आगाऊ क्रेडिट. क्रेडिटचा हिशोब बी कॉलमवर उभा असतो. क्लायंटने मधेच घर बदललं, मूल झालं आणि मार्केटप्लेसला कळवलं नाही, तर नेमका तोच कॉलम चुकलेला असतो. २०१५ च्या फेब्रुवारीत, पहिल्याच सीझनला, बी कॉलम चुकलेले सुमारे आठ लाख १०९५-ए लोकांच्या हातात गेले होते. ते दिवस आठवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

गणित होतं दोघा नवरा-बायकोंचं. उत्पन्न ८४,००० डॉलर, बेंचमार्क प्रीमियम वर्षाला २४,०००. २०२६ च्या कव्हरेजला २०२५ ची पॉव्हर्टी लाइन लागते, म्हणजे दोघांसाठी २१,१५०. तिची चौपट ८४,६००. उत्पन्न त्याच्या आत, म्हणून त्यांनी उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे ८,३६६ डॉलर स्वतः भरायचे आणि उरलेलं १५,६३४ डॉलरचं क्रेडिट. सगळ्यांचं उत्तर जुळलं. मग बाई म्हणाल्या, उत्पन्नात ९०० डॉलर व्याज मिळवा आणि परत करा. मी खोडरबरने ८४,००० पुसून ८४,९०० लिहिले, भागाकार केला, ४०१ टक्के आले. क्रेडिट शून्य. वर्गात कोणी बोललं नाही. ९०० डॉलरच्या व्याजापायी १५,६३४ डॉलर परत.

हे सगळं आम्ही बातम्यांत वाचलेलं होतं. २०२१ पासून ४०० टक्क्यांची अट उठवलेली होती, ती सवलत २०२५ अखेर संपली. कोर्सच्या वेळी त्यावरून अमेरिकेच्या संसदेत भांडण चालूच होतं, पण बाईंनी स्पष्ट सांगितलं की आज जो कायदा आहे तोच मी शिकवणार, आणि मला ते पटलं. दुसरा बदल जुलै २०२५ च्या कायद्याने झाला. आगाऊ क्रेडिट जास्त घेतलं गेलं तर कमी उत्पन्नवाल्यांकडून परत घेण्याला २०२५ पर्यंत कमाल मर्यादा होती. २०२६ पासून ती मर्यादाच नाही, जास्त गेलेलं पूर्ण परत करायचं. हे दोन बदल एकाच फॉर्मवर एकत्र आले की काय होतं, ते माझ्या हाताला त्या पेन्सिलमुळे कळलं. नुसत्या स्लाइड्सवरून कळलं नसतं.

नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात त्याचा उपयोग झाला. माझे जुने क्लायंट, एक काका, ६२ वर्षांचे, प्लॅन रिन्यू करत होते म्हणून त्यांचा फोन आला. पुढच्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज त्यांनी ८२,५०० टाकला होता.

"काका, यात भारतातल्या एनआरई एफडीचं व्याज धरलंत का?"

"अगं, ते तिकडे टॅक्स फ्री आहे ना."

"तिकडे आहे. इकडे नाही. तुमच्या रिटर्नमध्ये मी ते दरवर्षी दाखवते."

थोडा वेळ शांतता. व्याज साधारण ३,००० डॉलर. म्हणजे एकूण ८५,५००, दोघांसाठीच्या ८४,६०० च्या वर. मार्केटप्लेसवरचा अंदाज काका दरवर्षी स्वतःच भरत आलेत, आणि गेली काही वर्षं अशी चूक थोडक्या पैशांत मिटून जायची, म्हणून मीही कधी खोलात शिरले नाही. आता तसं चालणार नाही. आयआरएमधून (निवृत्तीच्या खात्यातून) काढायची रक्कम ४,००० ने कमी करायची आणि तेवढा खर्च सेव्हिंग्जमधून भागवायचा असं ठरवलं. अंदाज ८१,५०० झाला. दुसरा पर्याय एचएसएचा, म्हणजे औषधोपचारासाठीच्या, वजावट मिळणाऱ्या बचत खात्याचा. २०२६ पासून मार्केटप्लेसच्या ब्रॉन्झ प्लॅनवरही (प्रीमियम कमी, पण उपचारांचा जास्त खर्च स्वतःच्या खिशातून) एचएसए उघडता येतं, २०२६ साठी कुटुंबाची मर्यादा ८,७५० डॉलर. न्यू जर्सी स्वतःच्या रिटर्नमध्ये एचएसएची वजावट देत नाही, पण क्रेडिटचा हिशोब फेडरल आकड्यावर होतो, त्यामुळे तिथे फायदा मिळतोच. काकूंना औषधं बरीच असल्याने त्यांनी ब्रॉन्झ घेतला नाही, आणि ते योग्यच केलं.

कोर्सच्या तक्रारी. दुसऱ्या सकाळचे जवळजवळ तीन तास पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांवर, त्यांच्या १०९४-सी आणि १०९५-सी फॉर्मवर गेले. माझ्यासारख्या लहान ऑफिसवाल्यांच्या ते क्वचितच वाट्याला येतं. स्लाइड्समध्ये फॉर्म ८९६५ (इन्शुरन्स नसल्याच्या दंडातून सूट मागण्याचा) अजून होता, जो २०१८ च्या रिटर्नबरोबरच संपला. वर्ग न्यू जर्सीत भरलेला, तरी न्यू जर्सीच्या दंडाबद्दल एक शब्द नाही. फेडरल दंड २०१९ पासून शून्य झाला, पण आपल्या राज्यात इन्शुरन्स नसला तर दंड आहे आणि शेड्यूल एनजे-एचसीसी भरावंच लागतं. नवीन माणूस हा कोर्स करून गेला तर त्याला ते कळणारच नाही.

सगळ्यांत जास्त मनाला लागली ती एक गोष्ट. ग्रीन कार्डवर आलेले आई-वडील हा आपल्या लोकांचा मोठा प्रश्न, आणि त्यावर जेमतेम दहा मिनिटं दिली. पहिली पाच वर्षं सहसा मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी योजना) नाही, मेडिकेअर (ज्येष्ठांची सरकारी योजना) विकत घ्यायलाही पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, मग मार्केटप्लेस हाच मार्ग उरतो. २०२५ पर्यंत अशा पालकांचं उत्पन्न पॉव्हर्टी लाइनच्या खाली असलं तरी त्यांना क्रेडिट मिळायचं. २०२६ पासून ते बंद. पुढे २०२७ पासून एच-१बीसारख्या व्हिसावरच्या लोकांचंही क्रेडिट जातं, ग्रीन कार्डवाल्यांचं राहतं. माझ्याकडे अशी किमान अकरा कुटुंबं आहेत. मधल्या सुट्टीत मी बाईंना गाठलं. त्यांनी कॉफी बाजूला ठेवून वीस मिनिटं उभ्या उभ्या एकेक प्रकार समजावला: पालक मुलाच्या रिटर्नवर डिपेंडंट असतील तर मुलाचं उत्पन्न हिशोबात येतं, स्वतंत्र फाइल करत असतील तर काय, वर्षाच्या मध्यात पाच वर्षं पुरी होत असतील तर काय. हेच वर्गात सांगायला हवं होतं. फीडबॅकच्या कागदावर मी तसं लिहून आले.

शिकवणं पाचपैकी पाच, साहित्य तीन. मार्केटप्लेसचे दहा-पंधरा जरी क्लायंट असतील तरी हा कोर्स किंवा असाच दुसरा जरूर करा, पण जानेवारीत करू नका. १ नोव्हेंबरला एनरोलमेंट उघडतं आणि उत्पन्नाचा आकडा तेव्हाच भरला जातो. फॉर्म ८९६२ आपल्या टेबलावर येईपर्यंत वर्ष संपलेलं असतं. फी भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: ८९६२ हाताने भरून घेतात का, आणि राज्याचे नियम शिकवतात का.

अकरापैकी सात कुटुंबांशी बोलून झालंय. उरलेल्या चौघांना या शनिवारी बोलावलं आहे, आई-वडिलांची ग्रीन कार्डं घेऊन.