एक पावसाळा आणि एक काजूचा हंगाम: हलकी .३१५ रायफल वापरून झाल्यावर

जूनमध्ये हातात आलेली .३१५ बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायची) रायफल आता मे अखेरपर्यंत वापरून झाली. रेंजवर ८५ काडतुसं उडवली. बाकी काळ ती गोव्यातल्या वाळपईच्या बाजूच्या घरात कपाटात, नाहीतर खांद्यावर होती. हलकी आणि मोठ्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) रायफल घ्यायचा विचार करणाऱ्यांना दुकानात वजन, लांबी आणि किंमत सांगतात. पहिल्या पावसात काय होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. ‘शिकारीसाठी कोणती घ्यावी’ हा प्रश्न आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटवलेला आहे. गवा (आपला गवेरेडा) गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. पिकाची कितीही नासाडी झाली तरी कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश असल्याशिवाय जनावरावर गोळी घालता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे मारण्याची परवानगी नव्हे. परवान्यासाठी अर्ज करण्याआधी याच कायद्याचं कलम ३४ वाचा: अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव संरक्षकांची आधी सहमती लागते. म्हादई, भगवान महावीर, बोंडला, नेत्रावळी, खोतीगाव आणि चोडणचं पक्षी अभयारण्य, या सहांभोवती नकाशावर वर्तुळं काढून पाहा. सत्तरी, धारबांदोडा, सांगे यांचा मोठा भाग आत येतोच, पण चोडणमुळे पणजीसुद्धा येते. फाईल महिनोन्‌महिने अडकते ती बहुतेक इथे. आणि परवाना असला तरी अभयारण्याच्या हद्दीत शस्त्र घेऊन जायला वेगळी परवानगी लागते (कलम ३१). रस्ता अभयारण्यातून जात असेल तर हे आधी विचारून ठेवा.

आता रायफल. .३१५ म्हणजे मुळात ऑस्ट्रियाचं ८×५० आर मॅनलिखर काडतूस. लष्कराच्या .३०३ चा दारूगोळा नागरिकांच्या हाती जाऊ नये म्हणून इंग्रजांच्या काळात हा बोअर इथे रुजला आणि टिकला. ॲक्शन (बोल्ट आणि तो बसतो ती यंत्रणा) इंग्रजी लष्कराच्या ली-एनफिल्ड रायफलीच्या घराण्यातली. गोळी जड, बोथट तोंडाची, वेग बेताचा. शंभर मीटरवर नेम बसवला तर दोनशेवर गोळी फूटभराहून जास्त खाली पडते. तेव्हा ही शंभर मीटरच्या आतली रायफल आहे असं धरूनच घ्या. ज्यांना लांबचं लक्ष्य हवं त्यांनी .३०-०६ बघावी. तिचा वेग बराच जास्त, मार्ग सपाट, पण हलक्या बांधणीत धक्काही तसाच.

वजनाबद्दल बोलू, कारण सगळे इथेच फसतात. कागदावरचं वजन रिकाम्या रायफलचं असतं. मोकळी रायफल साडेतीन किलोच्या आसपास भरते. त्यात पाच काडतुसांचे दीडशे ग्रॅम, चामडी पट्ट्याचे दोनशे, आणि दुर्बीण लावली तर माउंटसकट आणखी पाचशे-सहाशे ग्रॅम धरा. खांद्यावर येते ती चार किलोंच्या पुढची. दुकानात तीन किलोंची आणि साडेतीन किलोंची अशा दोन रायफली पाहून ‘अर्धा किलो वाचला’ म्हणून खूश होणाऱ्याने तिचा धक्काही मोजावा. एकच काडतूस, एकच गोळी, तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या उलट प्रमाणात बदलते. चार किलोंची रायफल तीन किलोंवर आणली की ती ऊर्जा एक-तृतीयांशाने वाढते. .३१५ मध्ये हे सोसण्यासारखं आहे. पण .३७५ एच अँड एच सारख्या बोअरची जुनी रायफल कोणाच्या घरात असेल आणि ‘जड आहे’ म्हणून दस्ता (खांद्याला टेकतो तो मागचा लाकडी भाग) कापून हलकी करायचा बेत असेल, तर करू नका. तिथे वजन हेच औषध आहे.

शिवाय वजन कुठे आहे याला जास्त महत्त्व आहे. मॅगझिनच्या (काडतुसं भरायच्या पेटीच्या) पुढच्या टोकाखाली बोट धरून रायफल तोला. तिथे समतोल साधला तर साडेतीन किलो सुद्धा हातात हलके वाटतात. नळी बारीक आणि दस्ता जड असेल तर रायफल उचलायला सोपी, पण उभ्याने नेम धरला की माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) थरथरते. या .३१५ मध्ये तोल किंचित मागे आहे. रेंजवर बसून कळत नाही, उभ्याने पाचवी गोळी टाकताना कळतं.

दस्त्याची लांबी सर्वात दुर्लक्षित गोष्ट. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या खोबणीत टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पडायला हवं. दस्ता आखूड असेल तर धक्क्याबरोबर उजव्या हाताचा अंगठा नाकावर येतो, दुर्बीण असेल तर तिची कडा भुवईवर. पितळी किंवा लोखंडी बटप्लेटवर (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीवर) रबरी पॅड बसवलं की दोन्ही कामं होतात, धक्का पसरतो आणि लांबी पाऊण-एक इंचाने वाढते. पहिल्या वीस गोळ्या पॅडशिवाय, नुसती बटप्लेट खांद्याला लावून टाकल्या तेव्हा दहाव्या गोळीपासून ट्रिगर दाबण्याआधीच खांदा मागे जात होता आणि गोळ्या डावीकडे खाली पडू लागल्या. पॅड लावल्यावर शंभर मीटरवरचा पाच गोळ्यांचा घोळका तळहाताएवढा झाला. रायफल तीच, काडतुसंही तीच.

बोल्ट छान आहे. उचल कमी, साठ अंशांच्या आसपास, त्यामुळे खांद्यावरून न काढता फिरवता येतो. पण ही ॲक्शन बोल्ट बंद करताना ताणली जाते. शेवटचा इंचभर जोर लागतो. माऊझर धाटणीच्या रायफलीची सवय असलेला तिथे हात सैल सोडतो आणि बोल्ट अर्धवट राहतो. एका दमात पुढे, मग खाली.

खरी डोकेदुखी काडतुसाच्या काठाची. .३१५ चं काडतूस बुडाशी काठ असलेलं आहे. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या काठापुढे यायला हवा. उलट झालं, म्हणजे वरचा काठ खालच्याच्या मागे अडकला, की बोल्ट पुढे ढकलताना दोन्ही काडतुसं एकमेकांना ओढतात आणि रायफल जाम होते. तेव्हा जोर लावायचा नाही. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बोल्ट मागे घ्या, मॅगझिन काढा, पुन्हा भरा. भरताना प्रत्येक काडतूस आधीच्याच्या थोडं पुढे धरून दाबायचं आणि मग मागे सरकवायचं. सुरुवातीच्या महिन्यात चार वेळा असं अडकलं, चारही वेळा घाईने भरलेलं होतं. नंतर एकदाही नाही. आठ मिलिमीटर हे नाव सारखं म्हणून ८ मिमी माऊझरचं काडतूस यात चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ते वेगळं, बिनकाठाचं आणि जास्त दाबाचं काडतूस आहे.

आता पाऊस. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मागच्या साईटच्या (नेम धरायच्या खाचेच्या) पानाखाली, जिथे बोट पोचत नाही तिथे, तांबूस पूड दिसली. नळी बाहेरून चकचकीत होती. गंज तिथूनच सुरू होतो: साईटखाली, पट्ट्याच्या कडीभोवती, बोल्टच्या डोक्याच्या आट्यांत, आणि लाकूड नळीला लागतं त्या रेषेत. शेवटची जागा सर्वात वाईट, कारण स्टॉक (सगळा लाकडी भाग) सोडवल्याशिवाय दिसत नाही. कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या पिशवीत रायफल ठेवू नका. पिशवी ओल धरते आणि आठवड्यात नळीवर तिच्या विणीचा ठसा उठतो. उभी, उघडी, कुलूपबंद कपाटात ठेवा, खाली सिलिका जेल. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत वापरता येतात. जुलै-ऑगस्टमध्ये दर दहा दिवसांनी करावे लागले.

साफसफाईचा क्रम हा. मॅगझिन काढा, बोल्ट मागे घेऊन चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्याने पाहा आणि बोटानेही चाचपा. बोल्ट काढा. पुलथ्रू (चिंधी बांधून नळीतून ओढायची दोरी) चेंबरच्या बाजूने घालून तोंडातून ओढा, उलट कधीही नाही, कारण नळीच्या तोंडाची कडा झिजली की नेम गेलाच. आधी सॉल्व्हंटची चिंधी, मग दोन कोरड्या, मग तेलाचा नुसता हात लागलेली एक. तेल जास्त झालं तर ते दस्त्याच्या मानेत उतरून लाकूड मऊ करतं, म्हणून पहिला दिवस रायफल तोंड खाली करून ठेवा. आणि रेंजवर जाण्याआधी नळी व चेंबर पूर्ण कोरडे पुसा. तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाचं पितळी कवच भिंतीला धरत नाही आणि सगळा रेटा बोल्टवर येतो.

लाकूडही बदलतं. ऑगस्टमध्ये पुढचा लाकडी भाग फुगून नळीला टेकला आणि जूनमध्ये बसवलेला नेम शंभर मीटरवर चार बोटं वर गेला. जानेवारीत तो परत खाली आला, पण मार्चच्या उन्हात लाकूड सुकून ॲक्शनचे स्क्रू सैल झाले. वर्षातून दोनदा, पावसाच्या मध्यावर आणि शिगम्याच्या सुमारास, स्क्रू तपासा आणि नेम पुन्हा बसवा. सिंथेटिक स्टॉक मिळाला तर गोव्यासाठी तोच बरा, दिसायला कसाही असो.

कुळागरासाठी (माड-पोफळीच्या बागेसाठी) मात्र रायफल नकोच. माड-पोफळींतून तीस-चाळीस मीटरच्या पलीकडे दिसत नाही. ही गोळी लक्ष्य चुकल्यावर पुढे दीड-दोन किलोमीटर सहज जाऊ शकते, आणि आपल्याकडे प्रत्येक भाटाच्या (बागायतीच्या) पलीकडे कोणाचा तरी वाडा असतो. जनावरांना हाकलायला, आवाजाला, शेतकऱ्याच्या हाती एकनळी बारा बोअरच योग्य. शस्त्र कायद्यातही पीकरक्षणासाठी आणि संरक्षणासाठी गुळगुळीत नळीच्या व ठासणीच्या (तोंडातून दारू-छर्रे भरायच्या) बंदुकीचा रस्ता सोपा ठेवला आहे. रायफलसाठी वेगळं कारण पटवून द्यावं लागतं, आणि ते द्यावं लागतं हे बरोबरच आहे.

एक गोष्ट अजून. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. २०२२ ची विधानसभा १४ फेब्रुवारीला, २०२४ ची लोकसभा ७ मे रोजी, दोन्ही ऐन काजूच्या दिवसांत. माकडं आणि डुकरं बागेत, आणि बंदूक ठाण्यात. ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. पीकरक्षणासाठी सूट हवी असेल तर नोटीस मिळताच जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. जमा करायचीच झाली तर नळीत आणि बोल्टवर नेहमीपेक्षा जाड तेल, ॲक्शनवर मेणकागद, क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधलेली, आणि पावतीवर रायफल, बोल्ट आणि मॅगझिन वेगवेगळे लिहून घ्या. ली-एनफिल्ड धाटणीत बोल्ट त्या-त्या रायफलला बसवलेला असतो. दुसऱ्याचा बोल्ट आत सरकतो म्हणून चालत नाही.

परत आणल्यावर काडतुसाला हात लावण्याआधी बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरा आणि चेंबरच्या बाजूने पाहा. कुंभारमाशीला नळीचं तोंड घरासाठी फार आवडतं. दोन महिने उभ्या राहिलेल्या नळीत बोटाच्या पेराएवढा मातीचा बुंधा सापडला, बाहेरून काहीही दिसत नव्हतं. तशीच गोळी चालवली असती तर नळी फाटली असती. तेव्हापासून कपाटात असतानाही नळीच्या तोंडावर कापडाचं सैल टोपरं आहे, आणि त्याला लाल दोरा, म्हणजे ते काढायचं राहिलं तर लगेच दिसेल.